हन्ना, हॅना, ॲना, खानेले: एका हिब्रू नावाची रूपं ओळखायची कशी

जहाजाच्या प्रवासी यादीत ‘खाना’, पुढच्या जनगणनेत ‘ॲनी’, लग्नाच्या नोंदीत ‘हॅना’ आणि थडग्यावर पुन्हा हिब्रूत ‘खाना’. नवखा माणूस अशा चार नोंदी पाहतो आणि चार बायकांच्या चार फायली उघडतो. वडिलांचं नाव, वय आणि गाव जुळत असेल तर ती बहुतेक एकच बाई असते. सारा किंवा राहेल या नावांचीही रूपं भाषेगणिक बदलतात, पण हन्नाइतका गोंधळ त्यांच्यात होत नाही. कारण इथे पहिलं अक्षरच टिकत नाही, आणि शब्दकोशाच्या क्रमाने लावलेल्या याद्यांमध्ये पहिलं अक्षर हरवलं की माणूसच हरवतं.

जुन्या कागदांत नाव शोधणारे, मराठीत भाषांतर करणारे आणि मुलीचं नाव हेच ठेवायचं ठरवून स्पेलिंगपाशी अडलेले आईबाप, अशा तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. सुरुवातीलाच एक विनंती: या नावाचं स्पेलिंग कुठेही ‘दुरुस्त’ करू नका. ते नाव कुठल्या भाषेच्या दारातून आत आलं हे त्याचं एकेक अक्षर सांगत असतं. तुम्ही ते सारखं करून टाकलंत की माग पुसला जातो.

मूळ नाव कुठलं

हिब्रूत हे नाव तीन अक्षरांचं आहे: हेत, नून, हे. कृपा, मेहेरनजर या अर्थाच्या धातूपासून ते आलंय. बायबलच्या जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, एलकानाच्या दोन बायकांपैकी मूल नसलेली ती हन्ना. दुसरी पनिन्ना, तिला मुलं असतात आणि ती टोमणे मारायची संधी सोडत नाही. हन्ना शिलोच्या मंदिरात जाऊन प्रार्थना करते. ओठ हलतात पण आवाज फुटत नाही. एली याजकाला वाटतं, ही दारू पिऊन आली आहे, आणि तो तिला झापतो. पुढे तिला शमुवेल होतो. मनातल्या मनात, ओठ हलवत प्रार्थना करण्याची ज्यू रीत रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, याच प्रसंगावरून बांधली.

आपल्याकडे हे नाव परकं नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, ज्याला पूर्वापार ‘नव्याचा सण’ म्हणत आले, त्या रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) हन्नाचीच गोष्ट वाचली जाते. मराठी बायबलने ‘हन्ना’ हे रूप पक्कं केलं, आणि मराठी ख्रिस्ती घरांतही ते त्याच रूपात आलं.

पायरी पहिली: उच्चार आधी, स्पेलिंग नंतर

सगळा घोळ हेत या अक्षराचा. हा आवाज आपल्या ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधला, घशातून खरवडत येणारा. इराक, येमेन अशा अरबी मुलखातले ज्यू तो खोल ‘ह’सारखा काढत, युरोपातले ज्यू खरखरीत ‘ख’सारखा काढत. आजच्या इस्रायलमध्ये सर्रास ऐकू येतो तो दुसरा: ‘खाना’, आणि जोर शेवटच्या ‘ना’वर. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेत जोर पुढे सरकतो आणि शेवट बदलतो: ‘खाने’.

रोमन लिपीत हा आवाज नाही. म्हणून कुणी नुसता एच लिहिलं, कुणी सी-एच, कुणी के-एच. यातलं सी-एच आपल्यासाठी घातक. मराठी माणूस सी-एच पाहिलं की ‘च’ वाचतो, मग सी-एच-ए-एन-ए हे नाव त्याच्या तोंडी ‘चना’ होतं. इंटरनेटवर हे स्पेलिंग टाकून बघा, हरभऱ्याच्या उसळीच्या पाककृती आधी येतील. हिब्रू उच्चारात सी-एच म्हणजे ‘च’ कधीच नसतो हे एकदा मनात ठसवलं की खाया, खावा, बारूख ही नावंही बरोबर वाचता येतात.

फोनवर कुणी हे नाव सांगत असेल तर आधी तिला ते दोनदा म्हणायला लावा, जोर कुठे पडतो ते ऐका, आणि मगच अक्षरं विचारा. उलट क्रमाने गेलात तर अक्षरं हाती येतात, नाव नाही.

पायरी दुसरी: तीन जागा तपासा

कुठलंही स्पेलिंग समोर आलं की तीन जागांकडे बघायचं.

पहिली जागा सुरुवातीची. एच, सी-एच, के-एच किंवा यातलं काहीच नाही. दुसरी जागा मधल्या एनची: एक की दोन? हिब्रूत नून हे अक्षर एकदाच लिहितात, पण त्यात एक ठिपका असतो आणि तो व्यंजन दुप्पट करायला सांगतो. ज्याने ठिपका मोजला त्याने दोन एन लिहिले. ज्याने आजचा बोलीतला उच्चार धरला त्याने एक. तिसरी जागा शेवटच्या एचची. मूळ नावाच्या शेवटी असलेलं ‘हे’ उच्चारात येत नाही, पण ते तिथे आहे हे दाखवायला इंग्रजी बायबलने एच ठेवला. जर्मन, पोलिश, स्वीडिश लिहिणाऱ्यांनी सहसा ठेवला नाही.

सुरुवातीचे चार पर्याय, मधले दोन, शेवटचे दोन: गुणाकार केला तर सोळा रूपं होतात. सगळी सारखी चालत नाहीत. एच-ए-एन-एन-ए-एच हे इंग्रजी बायबलचं रूप सर्वांत परिचित. शेवटचा एच गेला की जर्मन किंवा उत्तर युरोपचा वास येतो. एकच एन आणि एच नाही, म्हणजे एच-ए-एन-ए, हे चेक कागदांत आणि इस्रायलमध्ये भेटतं. सी-एच-ए-एन-ए हे पूर्व युरोपातल्या ज्यू घरांतलं, आणि आजही धार्मिक ज्यू कुटुंबांत आवर्जून ठेवलेलं रूप. पोलिशमध्ये एच आणि सी-एच यांचा उच्चार एकच आहे, तरी जुन्या पोलिश कागदांत सी-एचने सुरू होणारी बाई बहुधा ज्यू निघते आणि एचने सुरू होणारी बहुधा ख्रिस्ती. ‘बहुधा’ हा शब्द विसरू नका.

इंग्रजी रूपाची एक गंमत टंकलेखनात उपयोगी पडते. ते उलटं वाचलं तरी तेच राहतं. सहा अक्षरं लिहून झाली की मागून वाचा; जुळलं नाही तर कुठेतरी बोट घसरलंय.

पायरी तिसरी: ‘ह’ गळालेला रस्ता ओळखा

इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रियात हिब्रू बायबलचं ग्रीक भाषांतर सुरू झालं, तेव्हा हेतसाठी ग्रीकमध्ये अक्षर नव्हतं. नाव ‘अन्ना’ झालं, लॅटिनने तेच उचललं, आणि ख्रिस्ती युरोपभर ते ॲना, आन, ॲन या रूपांनी गेलं. म्हणजे ॲना हे हन्नाचं टोपणनाव नाही. तेच नाव दुसऱ्या दरवाजाने आलेलं आहे.

नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात राहणारी एक म्हातारी संदेष्टी आहे. इंग्रजी बायबलमध्ये ती ॲना आणि शमुवेलाची आई हॅना, त्यामुळे इंग्रजी वाचकाला ही दोन नावं वाटतात. मराठी बायबलमध्ये दोघीही हन्ना. या बाबतीत आपली प्रत जास्त सरळ आहे.

येशूची आजी, म्हणजे मरीयेची आई, हिचं नाव बायबलमध्ये कुठेच नाही. ते येतं दुसऱ्या शतकातल्या, बायबलबाहेरच्या एका ग्रंथात, आणि तिथे तीही मूल नसलेली, देवाकडे मूल मागणारी अन्ना आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शिलोची हन्ना होती हे उघड दिसतं. इस्लामी परंपरेतही मरियमच्या आईला हन्नाच म्हणतात, फक्त कुराणात ते नाव घेतलेलं नाही. या अन्नाचा सण २६ जुलैला येतो. गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीला तिचं सतराव्या शतकातलं भव्य चर्च आहे, आणि जुलैअखेर तिथे जे फेस्त भरतं त्याला लोक तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त म्हणतात. मूल हवं असलेली जोडपी तिथे तवसं वाहतात. हिब्रू गोष्टीतलं मागणं कोकणी पावसाळ्यातल्या तवशापर्यंत पोचलं, तेही नाव न सोडता: चर्चला सगळे ‘सांताना’ म्हणतात, म्हणजे सांता आना.

गोव्याच्या नोंदी चाळणाऱ्यांनी एक साल लक्षात ठेवावं, १९११. त्या वर्षी पोर्तुगालने शुद्धलेखन सुधारलं आणि बहुतेक जोड व्यंजनं काढून टाकली. त्याआधीच्या पोर्तुगीज कागदांत दोन एन असलेली ‘अन्ना’ दिसते, नंतर हळूहळू एका एनची ‘आना’. तीच बाई बाप्तिस्म्याच्या नोंदीत दोन एनची आणि मृत्यूच्या नोंदीत एका एनची असू शकते. माणसं आपली सही लगेच बदलत नाहीत, त्यामुळे १९११ नंतरही दोन एन दिसले तर दचकू नका.

इंग्लंडची कथा उलटी. तिथे आधी ॲन होती. प्रॉटेस्टंट पंथ रुजल्यावर लोक बायबल इंग्रजीत वाचू लागले आणि जुन्या करारातली नावं मुलांना देऊ लागले, तेव्हा हॅना आली. त्यामुळे सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रजी नोंदीत हॅना दिसली की ती ज्यू असेल असं धरू नका; बहुधा ती शेतकऱ्याची ख्रिस्ती मुलगी असते. तिथल्या चर्चच्या वह्यांत एकाच बाईला एकदा हॅना आणि एकदा ॲन लिहिलेलंही सापडतं.

युक्रेन आणि बेलारूसमध्ये तिसराच प्रकार. तिथे ग्रीक मार्गाने आलेल्या ‘अन्ना’लाच पुढे हकार चिकटला आणि ‘हन्ना’ झालं. रशियन भाषेतल्या सरकारी कागदात तीच ‘अन्ना’ होते. एकाच पासपोर्टच्या दोन पानांवर दोन नावं दिसली तर घोटाळा झाला असं समजू नका, दोन भाषा आहेत.

पायरी चौथी: लाडाच्या नावांवरून माग काढा

इथे जरा रेंगाळायला हवं, कारण खऱ्या शोधात जास्त वेळा हीच नावं आडवी येतात.

यिडिशमध्ये लाड करायचा तर शेपटाला ‘-ले’ किंवा ‘-के’ लागतं: खानेले, खान्के. पण यिडिशने या नावाला आणखी एक फाटा फोडला, हेने. त्यातून हेनेले, हेन्ये, हेन्डल. हेन्डल आणि खाना एकच असतील हे कानाला अजिबात पटत नाही, आणि म्हणूनच नवखे इथे फसतात. जर्मनमध्ये हाने, हान्शेन, आणि जोडनाव करायचं झालं तर हानेलोरे. पोलिशमध्ये हान्या, हांका, हानूश्या. चेकमध्ये हांका, हानिच्का. रशियन बायका मूळ ‘अन्ना’वरून आन्या, आनेच्का, अन्नुष्का, न्यूरा. हंगेरियनमध्ये अनिको, आणि त्याहून अनपेक्षित म्हणजे पन्नी. ‘प’ कुठून आला असं विचारू नका. हंगेरियन बायकांना विचारलंत तर त्या हसतील. डच आन्के आणि आनेके, फ्रेंच ॲनेट आणि अनूक, स्पॅनिश-पोर्तुगीज अनिता.

इंग्रजीतली नॅन आणि नॅन्सी हीसुद्धा याच घरातली. जुन्या इंग्रजीत ‘माझी ॲन’ म्हणताना सर्वनामाच्या शेवटचा ‘न’ नावाला चिकटला, त्यातून नॅन, आणि पुढे नॅन्सी. एडवर्डचा नेड आणि एलेनची नेल अशाच झाल्या. नंतर नॅन्सी स्वतंत्र नाव बनलं. म्हणून १७०० च्या आसपासची नॅन्सी कागदावर ॲन असण्याची शक्यता दाट. १९५० ची नॅन्सी ही नॅन्सीच. ॲनी तर मुंबईकरांच्या रोजच्या तोंडात आहे. वरळीचा डॉ. ॲनी बेझंट रोड म्हणताना आपण एका हिब्रू नावाचं इंग्रजी लाडाचं रूप घेत असतो, हे बसच्या कंडक्टरला सांगायला जाऊ नका.

लाडाच्या नावावरून मूळ नावाकडे जाताना मात्र हात आखडता ठेवा. पुढे जाणं सोपं, मागे येणं धोक्याचं. हॅना या नावाची मुलगी घरी ‘हॅनी’ असू शकते, पण ‘हॅनी’ दिसली म्हणून मूळ हॅना ठरवता येत नाही. डच ‘हॅनी’ आणि ‘हानेके’ बहुतेक वेळा योहानाच्या असतात. योहाना म्हणजे योहान या पुरुषी नावाचं स्त्रीरूप. धातू तोच, कृपेचा, पण नाव वेगळं. हॅना आरेंट ही तत्त्वचिंतक १९०६ साली जन्मली तेव्हा तिचं नाव योहाना होतं. जगाने तिला हॅना म्हणून ओळखलं, पण जन्मनोंद शोधायला हॅना टाकलंत तर हात रिकामे.

अशा बायकांची उदाहरणं समोर ठेवली की सराव होतो. ॲन फ्रँकचं पूर्ण नाव आनेलीस मारी. आनेलीस म्हणजे आना आणि एलिझाबेथ यांचं जोडनाव, म्हणजे एका नावात दोन हिब्रू नावं. रुमानियाची परराष्ट्रमंत्री झालेली आना पाउकर जन्मली ती ज्यू घरात, हन्ना म्हणून. आणि सगळ्यात शिकवून जाणारं उदाहरण हॅना सेनेशचं. १९२१ मध्ये बुडापेस्टला जन्मलेली ही मुलगी घरी अनिको. पॅलेस्टाइनला गेल्यावर हॅना. १९४४ मध्ये ब्रिटिश सैन्याकडून पॅराशूटने उतरली, पकडली गेली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये तिला गोळ्या घातल्या. तिच्या आडनावाचं हंगेरियन स्पेलिंग एस-झेडने सुरू होतं आणि एसने संपतं. हंगेरियनमध्ये एस-झेड म्हणजे ‘स’ आणि नुसता एस म्हणजे ‘श’. पोलिशची सवय असलेला माणूस अगदी उलट वाचतो आणि ‘शेनेस’ लिहून मोकळा होतो. इंग्रजी पुस्तकांत आडनावाची दोन स्पेलिंग, पहिल्या नावाची तीन. सूचीत तिला शोधायचं तर सगळी जुळवणी करून पाहावी लागते.

‘एलिस बेटावरच्या कारकुनाने आमच्या आजीचं नाव बदललं’ ही गोष्ट अमेरिकेतल्या अनेक घरांत सांगतात. एलिस बेट म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं, जहाजाने आलेल्या स्थलांतरितांना तपासून आत घेण्याचं ठिकाण. तिथले अधिकारी जहाजावरून आलेली यादी घेऊन बसत आणि तिच्याशीच नाव ताडून बघत. खानाची ॲना किंवा ॲनी झाली ती पुढे, शाळेत, कारखान्यात, नागरिकत्वाच्या अर्जात, आणि बहुतेकदा तिच्या स्वतःच्या मर्जीने. म्हणून बदलाची तारीख बंदरावर नका शोधू. पहिली नोकरी आणि लग्न यांच्या मधल्या कागदांत शोधा.

पायरी पाचवी: हिब्रू कागद आणि थडगी वाचताना

ज्यू धर्मात टोपणनाव ही हलक्यावारी घ्यायची बाब नाही. ‘गेट’ या घटस्फोटपत्रात नाव चुकलं तर पत्रच बाद ठरू शकतं, त्यामुळे लिहिणारा ‘खाना, जिला हेन्ये म्हणतात’ अशी दोन्ही नावं अक्षर न् अक्षर तपासून घालतो. कुठलं टोपणनाव कुठल्या मूळ नावाचं आणि ते हिब्रूत कसं लिहायचं याच्या याद्या रब्बींनी शतकानुशतकं बनवल्या. आपल्याकडे कागदावर लक्ष्मीबाई आणि घरात बयो असते, आणि बयो म्हणजे कोण हे फक्त आळीला ठाऊक. तिथे ती आळीची माहिती कायद्यात उतरली. शोधणाऱ्याला असं पत्र मिळालं तर अर्धं काम झालं समजा.

थडग्यावर ‘खाना बात’ आणि पुढे वडिलांचं नाव असतं. ‘बात’ म्हणजे मुलगी. शिलालेख झिजलेला असेल तर मधल्या अक्षराकडे नीट बघा. हेत-नून-हे म्हणजे खाना, हेत-वाव-हे म्हणजे खावा, हेत-योद-हे म्हणजे खाया. तिन्ही बायकांची नावं, तिन्ही प्रचलित, आणि फरक मधल्या एका अक्षराचा. योद छोटा, वर लटकलेला. वाव सरळ खाली उतरणारी काठी. नूनला खाली डावीकडे वळलेला पाय. पावसाने तो पाय खाल्ला की खानाची खावा होते. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना फोटो घ्या, खोदकामाच्या कडा उठून दिसतात.

रायगडच्या किनारपट्टीतल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल दफनभूमींत ही अडचण कमी, कारण अनेक थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठी किंवा इंग्रजीही असते. दोन-तीन लिप्यांतलं तेच नाव शेजारी शेजारी मिळणं ही शोधणाऱ्याची चैन आहे. तिथे नावांना मराठी वळणही लागलेलं असतं: शमुवेलचा सामाजी, इसहाकचा इसाजी, आणि आडनाव गावावरून, पेणकर, किहीमकर, नवगावकर. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधणारे शमुवेल इझिकेल दिवेकर मराठीत सामाजी हसाजी दिवेकर होते. बाईच्या नावाला ‘बाई’ लागलं असेल तर ते आदरार्थी आहे, नावाचा भाग नव्हे. शोधताना ते काढून शोधा.

पायरी सहावी: सारखी दिसणारी परकी नावं बाजूला काढा

जपानी ‘हाना’ म्हणजे फूल, अरबी ‘हना’ म्हणजे सुखसमाधान. दोघींचा हिब्रूशी संबंध नाही. आयरिश ‘आन्या’ हे तिथलं स्वतःचं जुनं नाव, इंग्रज राजवटीत कागदावर त्याचं ‘ॲना’ केलं गेलं. हिना म्हणजे मेंदी. आपल्याकडची अनिता ही स्पॅनिश आनाची लेक नाही, रेशनकार्डावरच्या अनिताला हन्नाच्या खात्यात टाकू नका.

सगळ्यात मोठा खड्डा अरबी मुलखातला. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन इथल्या ख्रिस्ती समाजात ‘हन्ना’ हे पुरुषाचं नाव असतं, योहान या नावाचं अरबी रूप. ते आडनाव म्हणूनही चालतं. भाषांतर करताना ‘हन्ना म्हणाली’ लिहून बसलात आणि पुढच्या पानावर त्याला दाढी निघाली, असं होऊ शकतं.

आणि आपला ‘अण्णा’. रोमन लिपीतून यंत्राने देवनागरी केली की ए-एन-एन-ए चा हमखास अण्णा होतो. रशियाची सम्राज्ञी अण्णा मी छापील मजकुरात पाहिली आहे.

पायरी सातवी: शोधयंत्राला काय सांगायचं

वंशावळीच्या बहुतेक संकेतस्थळांवर उच्चारावरून शोधायची सोय असते. त्यातली जुनी पद्धत साउंडेक्स, अमेरिकेत १९१८ साली पेटंट झालेली. ती नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते. त्यामुळे एचने सुरू होणाऱ्या सगळ्या रूपांना एच-५०० मिळतो, ॲनाला ए-५००, सी-एचवाल्या खानाला सी-५००, के-एचवालीला के-५००. पाचशे सगळीकडे, पण खाती वेगळी. एका शोधात ती एकत्र येणार नाहीत.

पूर्व युरोपातल्या ज्यू नावांसाठी १९८० च्या दशकात डाइच-मोकोटॉफ पद्धत बनवली गेली. ती पहिल्या अक्षरालाही आकडा देते, म्हणून एच, के-एच आणि सी-एचची रूपं तिथे ५६०००० या एकाच खात्यात येतात. सी-एचला ती जोडीला ४६०००० हेही देते, कारण इतर भाषांत तो ‘च’ असू शकतो. पण ॲनाला मिळतो ०६००००. म्हणजे कितीही चांगली पद्धत वापरली तरी ‘ह’वाली आणि ‘ह’ नसलेली असे दोन शोध करावेच लागतात. हेने आणि हेन्ये दोन्ही पद्धतींत ‘ह’वाल्यांबरोबर येतात, कारण स्वर मोजले जात नाहीत. हेन्डल आणि नॅन्सी मात्र वेगळ्या पडतात, त्यांचा तिसरा शोध.

माझा क्रम असा: पहिलं नाव रिकामं ठेवून आडनाव, गाव आणि जन्मवर्षाच्या मागेपुढे पाचेक वर्षं. इतक्याने यादी आवाक्यात येत असेल तर नाव टाकूच नका, डोळ्यांनी वाचा. यादी फार लांब असेल तरच नावाचे तीन शोध. तारांकन (*, म्हणजे ‘पुढे काहीही’) चालत असेल तर एच-ए-एन नंतर तारांकन द्या, मधला दुसरा एन आणि शेवटचा एच दोन्हींची काळजी मिटते.

मराठी मजकुरात शोधताना वेगळी अडचण येते. मराठीत आकारान्त स्त्रीलिंगी नाव विभक्तीत वाकतं, ‘हन्नेला’, ‘हन्नेने’, ‘हन्नेची’. पूर्ण ‘हन्ना’ टाकलंत तर ही सगळी निसटतात. फक्त ‘हन्न’ एवढंच टाकून शोधा.

पायरी आठवी: देवनागरीत लिहिताना आणि दाखला काढताना

भाषांतर करणाऱ्यांनी माणूस कुठला ते बघून रूप ठरवावं. बायबलमधली ती हन्ना. इंग्रजी बोलणारी ती हॅना. यासाठी मराठीत ‘ॅ’ आहे हे आपलं भाग्य, हिंदीसारखं ‘हैना’ करायची वेळ येत नाही. जर्मन आणि चेक बाई हाना. इस्रायली बाईला मूळ उच्चाराप्रमाणे ‘खाना’ लिहावं, तर मराठी वाचकाला जेवण आठवतं. नुक्ता मराठीत रुळलेला नाही, म्हणून तिथे मी ‘हाना’ पसंत करतो आणि पहिल्या उल्लेखात उच्चार सांगून टाकतो. एका मजकुरात एका बाईचं एकच रूप, एवढं पाळलं की पुरे.

स्वराने सुरू होणारं रूप टंकताना ‘ॲ’ हे एकसंध अक्षर वापरा. ‘अ’ लिहून त्यावर ‘ॅ’ चढवला तरी पडद्यावर तसंच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती दोन चिन्हं आहेत, आणि एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही. जुन्या मजकुरात ‘ऍ’सुद्धा असतो. ॲना किंवा ॲनी शोधताना तिन्ही तऱ्हा करून बघा.

मुलीचं नाव ठेवणाऱ्यांनी आधी रोमन स्पेलिंग ठरवावं, मग देवनागरी. पुढे पासपोर्टवर तेच जाणार आणि तिथे फक्त रोमन मोठी अक्षरं चालतात, खाली टिंब वगैरे नाही. शेवटचा एच ठेवायचा की नाही यावर घरात वाद होतो. मला विचाराल तर इंग्रजी शाळेत घालणार असाल तर ठेवा, कारण शिक्षक नाहीतरी तो घालणारच. सी-एच मात्र भारतात राहणाऱ्या मुलीला देऊ नका. ती आयुष्यभर ‘चना नाही हो’ सांगत बसेल.

जन्मनोंदीत बाळाचं नाव पहिल्या १२ महिन्यांत फुकट घालता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नाव तोंडी सांगू नका. एका चिठ्ठीवर मराठीत एकदा आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकदा लिहून द्या, कारण महाराष्ट्रात दाखल्यावर दोन्ही लिप्यांत नाव येतं आणि दोन्ही तपासली जातात. दाखला हातात आला की खिडकीवरून हलायच्या आधी दोन्ही नावं अक्षर न् अक्षर वाचा, विशेषतः मधला एन एक आहे की दोन. चूक तिथल्या तिथे दाखवली तर दुरुस्तीला सोपी जाते. शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट झाल्यावर लक्षात आली तर प्रतिज्ञापत्र आणि गॅझेट.